‘फुल्ली फंडेड मास्टर्स’च्या नावाखाली माझ्या भाचीला असं लुबाडलं

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात असलेल्या हुशार मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे शेवटपर्यंत वाचावं. जर्मनीतल्या पूर्ण शिष्यवृत्तीचं आमिष दाखवून माझ्या भाचीकडून २ लाख ८५ हजार रुपये उकळले गेले. तिच्या संमतीनेच लिहितोय. पोरगी वर्गात पहिल्या तिघांत असते. हावरट नाही, बावळट तर मुळीच नाही. उलट ती हुशार आहे म्हणूनच हे लोक तिच्यापर्यंत पोचले.

एका हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठराविक वेळात गटाने प्रोग्राम तयार करायच्या स्पर्धेत, तिच्या गटाला बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, गोव्यातल्या आमच्या वाळपईत अभिनंदनाचा फलकही लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मेल आला. एका जर्मन विद्यापीठाचं नाव, लोगो, खाली प्राध्यापकाची सही. मजकूर असा की एक खासगी फाउंडेशन भारतातल्या निवडक विद्यार्थ्यांचा मास्टर्सचा सगळा खर्च करतं, वर दरमहा स्टायपेंड देतं आणि तुमचं नाव प्राथमिक यादीत आहे. मेलच्या पत्त्यात विद्यापीठाच्या नावापुढे एक छोटी आडवी रेघ आणि ‘ॲडमिशन्स’ असा शब्द जोडला होता. मोबाईलवर नुसतं पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पत्ता उघडून बघावा लागतो.

मग व्हिडिओवर मुलाखत. दोघं जण होते, इंग्रजी सफाईदार. प्रश्नही खरेच विचारले: वाटांची वजनं ऋण असतील तर डायक्स्ट्राचा अल्गोरिदम (सगळ्यात जवळची वाट शोधायची पद्धत) का चुकतो, डेटा थोडा असताना मॉडेल ओव्हरफिट होऊ नये, म्हणजे त्याने उदाहरणं नुसती पाठ करू नयेत म्हणून काय केलंस. तिचा प्रकल्प कोकणी मजकुरातली भावना ओळखण्याचा आहे, त्यावर तर अर्धा तास बोलले. आपलं काम कुणीतरी इतकं मन लावून वाचलंय याचा तिला केवढा आनंद झाला असेल, ते मी समजू शकतो. पुढे आम्ही मामा-भाची सगळी कागदपत्रं घेऊन बसलो तेव्हा तिच्याच एक गोष्ट लक्षात आली. मुलाखतीत त्यांनी मॉडेलच्या अचूकतेचा जो आकडा सांगितला, तो जुना होता. कॉलेजला दिलेल्या अहवालात तिने तो केव्हाच दुरुस्त केला होता. जुना आकडा राहिला होता तो फक्त गिटहबवर, म्हणजे प्रोग्राम सगळ्यांना बघायला ठेवतात त्या वेबसाईटवर, तिच्या प्रकल्पाची माहिती देणाऱ्या रीडमी फाईलमध्ये. म्हणजे मुलाखतीची सगळी तयारी त्या एका उघड्या पानावरून केलेली.

निवडीच्या पत्रात दोन अटी होत्या. ७२ तासांत होकार कळवा, आणि एका कॉलेजातून एकच जागा असल्याने हे कुणाला सांगू नका. माझ्या मते खरी फसवणूक या दुसऱ्या अटीत आहे. तिच्या सरांनी ते पत्र बघितलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण ती बोललीच नाही. शिफारसपत्रासाठीही सरांना कुणी विचारलं नाही.

आता पैशाचं. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, उघडावं लागतं, हे खरं आहे. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पण ते खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असतं आणि तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरो त्यालाच मिळतात. शिवाय राहण्या-खाण्याचा पूर्ण खर्च भागवणारी शिष्यवृत्ती असेल, तर तिचं पत्रच व्हिसासाठी आर्थिक पुरावा ठरतं. या भामट्यांनी शब्द खरा वापरला आणि व्यवहार खोटा केला. ‘ब्लॉक्ड अकाउंटची परतावा मिळणारी अनामत’ म्हणून आधी ७५ हजार घेतले, मग ‘व्हिसा हमी’ म्हणून २ लाख १० हजार. यंदाच्या काजूचे पैसे नुकतेच आले होते, भाओजींनी त्यातलेच भरले. पिन टाकण्याआधी मोबाईलवर नाव आलं ते परराज्यातल्या कुठल्याशा ट्रेडिंग फर्मचं. विचारलं तर म्हणे, आमचे भारतातले सुविधा भागीदार. त्यानंतर ‘विनिमय विमा’ म्हणून आणखी १ लाख २० हजार मागितले, तेव्हा ताईने मला फोन केला.

‘खऱ्या ठिकाणी एक पैसाही लागत नाही’ असं सरसकट सांगणारे भेटतात. ते बरोबर नाही, आणि याच अर्धवट माहितीवर या लोकांचं फावतं. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) काढावं लागतं, त्याचे १८ हजार रुपये असतात. बरीच विद्यापीठं युनी-असिस्ट या सामाईक अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज घेतात, तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो पडतात. पण हे पैसे त्यांच्या अधिकृत वेबसाईटवर जाहीर असतात आणि तिथेच भरायचे असतात, कुणी व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवत नाही. परदेशी विद्यापीठाला फीची मोठी रक्कम पाठवायची तर आपल्या बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागतो, त्यात पैसे कशासाठी चाललेत ते लिहावं लागतं. भाचीने एपीएसचं विचारलं होतं. ‘आमच्या विद्यार्थ्यांना गरज नाही’ असं उत्तर आलं. जर्मन सरकारच्या पैशावरच्या काही शिष्यवृत्त्यांना सूट असते, पण हे तर स्वतःला खासगी फाउंडेशन म्हणवत होते.

घाईचंही तसंच. अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेला १५ एप्रिलचा ठराव आहे. आर्थिक मदतीच्या ऑफरला त्या तारखेआधी उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही, असं त्यात ठरलंय. युरोपची इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो देते, शिकवणी शुल्क घेत नाही. अर्ज आपणहून करायचा आणि निकालाला महिने थांबायचं. अर्जच केला नाही आणि निवड झाली, असं तिथे होत नाही. इथेच राहायचं तर गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.टेक.ला दरमहा १२,४०० रुपये मिळतात. आपल्या गोव्यात शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे, हे आमच्या सत्तरी तालुक्यातल्या कितीतरी घरांत अजून माहीत नाही.

ताईचा फोन ठेवल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला लावला आणि सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे तोवर एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले होते. थोडी रक्कम एका खात्यात गोठवली गेली आहे, ती कोर्टाच्या आदेशाने परत मिळेल असं पोलीस म्हणतात. तिच्या पासपोर्टच्या आणि गुणपत्रिकांच्या प्रतीही त्यांच्याकडे गेल्या आहेत, तेही तक्रारीत लिहून घेतलं. तक्रारीसाठी युपीआयचा व्यवहार क्रमांक आणि मूळ मेल लागतात, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका.

आणि घरच्यांनो, पोराला बोलू नका. ताई-भाओजींनी एक शब्द बोल लावला नाही, म्हणूनच भाचीने सगळं क्रमाने सांगितलं आणि तक्रार नीट लिहिता आली.

असंच पत्र म्हापशाकडच्या एका मुलालाही आल्याचं तिला मैत्रिणीकडून कळलं. त्याने अजून पैसे भरलेले नाहीत. तुमच्याकडे असं पत्र आलं असेल तर पैसे गेले नसले तरी पोर्टलवर नोंद करा. खात्याचा नंबर एकच निघाला तर पोलिसांना तक्रारी जोडता येतात.