एका पॅकेजची चार केली, त्याला आता आठ महिने झाले

आमचा रिपोर्ट तयार करणारा प्रोग्रॅम बरीच वर्षं एकाच डेब पॅकेजमधून (डेबियन लिनक्सवर इन्स्टॉल करायची फाइल) जायचा. सर्व्हरवर कोणी खिडकी उघडत नाही, तरी इन्स्टॉल करताना जीटीके (खिडक्या काढणारी लायब्ररी, म्हणजे आयता कोड), फॉन्ट, आयकॉन असा सगळा लवाजमा सोबत यायचा. आठ महिन्यांपूर्वी मी त्याचे तुकडे केले: गाभा, खिडकी, पीडीएफ आणि मदतीची पानं. रोजच्या वापरात काय टिकलं आणि काय पुन्हा करावं लागलं, ते लिहितो.

पहिली विभागणी साफ चुकली. मदतीची पानं सगळ्यात जड, म्हणून आधी ती वेगळी काढली. डाउनलोड हलकं झालं, पण डिपेंडन्सी (सोबत लागणारं दुसरं पॅकेज) एकही घटली नाही. मग मुख्य बायनरीवर (चालणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल) रीडएल्फ हे तपासणीचं साधन चालवून ‘नीडेड’च्या, म्हणजे कुठल्या लायब्ररी लागतात त्या, ओळी एकेक करून वाचल्या. एवढा पसारा ओढून आणत होती प्रिव्ह्यूची एकच छोटी खिडकी! ती वेगळ्या मॉड्यूलमध्ये नेली, लागेल तेव्हाच डीएलओपनने (प्रोग्रॅम चालू असताना लायब्ररी उघडणारं फंक्शन) उघडायची सोय केली आणि गाभा मोकळा झाला. पॅकेज कुठे तोडायचं हे फायलींच्या आकारावरून ठरवू नका. कुठला तुकडा आपल्यामागे किती जणांना घेऊन येतो, ते बघा.

प्रश्न फक्त डिस्कवरच्या जागेचा नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर, म्हणजे लपवलेली चोरवाट, सापडलं. दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या ओपनएसएसएचला स्वतःला एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या लायब्ररीची गरजच नव्हती. काही डिस्ट्रोंनी (लिनक्सची वेगवेगळी रूपं) एसएसएचडीला, म्हणजे ओपनएसएसएचच्या सर्व्हरला, लिबसिस्टिमडी (सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीची लायब्ररी) जोडली होती आणि तिच्या पाठोपाठ लिबएलझेडएमए आत शिरली. सिस्टिमडी 256 पासून कॉम्प्रेशनच्या लायब्ररी लागतील तेव्हाच उघडल्या जातात. न लागणारी डिपेंडन्सी म्हणजे उघडं राहिलेलं दार, हे तेव्हापासून मी मनावर घेतलंय.

मात्र डीएलओपन वापरलं की जबाबदारी आपल्यावर येते. पॅकेज बनवताना चालणारं डीपीकेजी-एसएचलिबडेप्स हे साधन बायनरीतल्या नीडेड नोंदी वाचून डिपेंडन्सी भरतं. डीएलओपनने उघडलेली लायब्ररी त्याला दिसतच नाही. पीडीएफचं मॉड्यूल अशीच एक लायब्ररी उघडतं. माझ्या मशीनवर ती दुसऱ्याच कुठल्या पॅकेजमुळे आधीपासून होती, त्यामुळे सगळं सुरळीत चालायचं. सहकाऱ्याने कोऱ्या मशीनवर पीडीएफ निवडलं आणि प्रोग्रॅम एक अक्षर न बोलता बंद पडला. आता ती डिपेंडन्सी मी कंट्रोल फाइलमध्ये (पॅकेजची माहिती असलेली फाइल) हाताने लिहितो आणि प्रत्येक बिल्ड स्वच्छ क्रूटमध्ये, म्हणजे वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या सिस्टिममध्ये, इन्स्टॉल करून पाहतो. शिवाय मॉड्यूल सापडलं नाही तर प्रोग्रॅम सरळ सांगतो की अमुक नावाचं पॅकेज टाका. या एका ओळीने जेवढे फोन कमी झाले, तेवढे दुसऱ्या कशाने झाले नाहीत.

नावांचाही बराच विचार करावा लागला. मे 2024 मध्ये डेबियन अनस्टेबलमधल्या (डेबियनची विकसित होत असलेली शाखा) कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या जुन्या नावाखाली कमी सुविधांची आवृत्ती आली, पूर्ण आवृत्ती ‘फुल’ या नावाने वेगळी झाली, आणि अपडेटनंतर ब्राउझरची जोडणी गेल्याचं पाहून लोक गोंधळले. म्हणून मी जुनं नाव मेटापॅकेजला (स्वतः रिकामं, फक्त बाकीची पॅकेजं ओढून आणणारं) दिलं आणि गाभ्यासाठी नवं नाव घेतलं. जुन्या वापरकर्त्याचं काहीच हरवलं नाही. पण मेटापॅकेजात चारही तुकडे ‘डिपेंड्स’मध्ये, म्हणजे सक्तीच्या यादीत, लिहिले होते. एकाने खिडकी काढली, तिच्याबरोबर मेटापॅकेज गेलं आणि पुढच्या ऑटोरिमूव्हमध्ये (कुणालाच न लागणारी पॅकेजं काढणारी आज्ञा) बाकीचे तुकडेही निघाले. आता गाभा तेवढा ‘डिपेंड्स’मध्ये आहे, खिडकी आणि पीडीएफ ‘रेकमेंड्स’मध्ये (शिफारस), मदतीची पानं ‘सजेस्ट्स’मध्ये (नुसती सूचना). पॅकेजं आणून टाकणारं एपीटी हे साधन रेकमेंड्स आपणहून टाकतं, आणि कंटेनरवाल्यांना ते वगळायचा पर्याय आहेच.

फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात नेताना ‘ब्रेक्स’ (या जुन्या आवृत्तीशी जमत नाही) आणि ‘रिप्लेसेस’ (तिच्या फायली बदलायची मुभा) दोन्ही आवृत्तीसकट लिहा. मी एकदा विसरलो, तर ही फाइल दुसऱ्या पॅकेजची आहे असं म्हणत डीपीकेजी, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन, अपग्रेडच्या मधोमध थांबलं. मॉड्यूल आणि गाभा यांची आवृत्तीही तंतोतंत जुळेल अशी बांधून ठेवा, नाहीतर नव्या गाभ्यावर जुनं मॉड्यूल कोसळतं.

हा खटाटोप सगळ्यांनी करावा असं मी म्हणणार नाही. डिपेंडन्सी मुळातच मोजक्या असतील तर चार पॅकेजं सांभाळणं हे नुसतं वाढीव काम. आमच्याकडे मात्र सर्व्हरवरचं इन्स्टॉल आता झटक्यात उरकतं आणि सुरक्षा अपडेटच्या यादीत आमच्याशी संबंध नसलेली नावं दिसत नाहीत. आलेख काढणारा भाग अजून गाभ्यातच आहे. त्याची नीडेड यादी कालच वाचायला घेतली.