हेर्नहूटची दैनिक वचनं: बरेच महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, रोजच्या बायबलवचनांच्या या जर्मन पुस्तकात मनन नाही. रोज सकाळी काळजाला हात घालणारी एखादी गोष्ट, तिच्यातून निघणारा बोध आणि शेवटी चार ओळींची तयार प्रार्थना, असं काही शोधत असाल तर हे तुमच्यासाठी नाही. तसली पुस्तकं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत ढिगाने आहेत. मीही वर्षानुवर्षं तीच वाचत आले आणि त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण गेले कित्येक महिने आमच्या घरी सकाळच्या भक्तीत जे वाचलं जातंय ते वेगळ्या जातीचं आहे, आणि आपल्याकडे त्याबद्दल फारसं कुणी लिहिताना दिसत नाही.

मुलगी शिकायला ड्रेस्डेनला आहे. तिथल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिच्या हातात हे छोटं पुस्तक पडलं. जर्मनीत याला ‘लोझुंगेन’ म्हणतात. तिने मला अ‍ॅपची लिंक पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, “मम्मी, यात कुणी समजावून सांगत बसत नाही, तुला आवडेल.” अ‍ॅप फुकट आहे. इंग्रजी आवृत्ती अमेरिकेतली मोरेव्हियन मंडळी काढते. मी संदर्भ तिथून घेते आणि वचन आपल्या मराठी पवित्र शास्त्रात उघडून वाचते.

रोज मिळतं ते इतकंच: जुन्या करारातलं एक वचन, त्याच्याखाली नव्या करारातलं एक, आणि मग एखाद्या गीताचं कडवं किंवा दोन ओळींची प्रार्थना. वाचायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. कडवी बहुतेक जर्मन गीतांची असल्याने आपल्याला चाल माहीत नसते. तिथे आम्ही सरळ ‘उपासना संगीत’ उघडतो आणि सासूबाई सुचवतील ते गीत म्हणतो. त्यांना सगळं पाठ आहे.

गंमत आहे ती वचन निवडण्याच्या पद्धतीत. जुन्या करारातलं वचन कुणी निवडत नाही, ते चिठ्ठी टाकून काढतात. जर्मनीच्या पूर्व टोकाला, सॅक्सनीत, हेर्नहूट नावाचं छोटं गाव आहे. 1722 मध्ये मोराव्हियातून (हल्लीच्या चेक देशातून) छळामुळे पळून आलेल्या निर्वासितांनी काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर ते वसवलं, म्हणून या पंथाला मोरेव्हियन म्हणतात. 1728 च्या मे महिन्यात एका संध्याकाळच्या सभेत झिंझेनडॉर्फने दुसऱ्या दिवसासाठी म्हणून एक ओळ दिली आणि ती घरोघर पोचवली गेली. तेव्हा गावात घरं होती 32. पुढे रोज सकाळी कुणीतरी दारोदार जाऊन त्या दिवसाचं वचन सांगायचं आणि जाता जाता घरातल्यांची विचारपूस करायचं. 1731 साली वर्षभराची वचनं एकत्र छापली आणि तेव्हापासून दर वर्षी हे पुस्तक निघतंय. आज ते पन्नासहून जास्त भाषांत जातं. हेर्नहूटमध्ये आजही दर वर्षी एका भांड्यात अठराशेच्या आसपास वचनांच्या चिठ्ठ्या ठेवून एकेक दिवसाची चिठ्ठी काढतात. नव्या करारातलं वचन मात्र माणूस निवडतो, वरच्या वचनाला जोड म्हणून. आणि चिठ्ठ्या काढायचं काम तीन वर्षं आधी उरकलेलं असतं.

(या लोकांना चिठ्ठीचं फार. एके काळी लग्नंसुद्धा चिठ्ठीने ठरायची. एकोणिसाव्या शतकात ते सोडून दिलं, बरं झालं.)

आपल्याशी यांचा अगदीच संबंध नाही असं नाही. 1856 मध्ये हिमाचलकडच्या लाहौलमधल्या केलाँगला आणि 1885 मध्ये लेहला ज्यांनी मिशन सुरू केलं ते हेच मोरेव्हियन. इंग्रज मिशनरी विल्यम केरीने भारतात यायच्या आधी इंग्लंडमधल्या आपल्या बांधवांपुढे याच लोकांच्या मिशनकार्याचं उदाहरण ठेवलं होतं. आणि त्याच केरीच्या सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. सेरामपूर म्हणजे बंगालमधलं बरं का, आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. सासूबाईंची आधी तीच समजूत झाली आणि त्यांना भलताच आनंद झाला.

चिठ्ठी म्हटल्यावर आमच्या महिला मंडळात एकीने लगेच विचारलं, “म्हणजे कौल लावल्यासारखंच की?” तिचं माहेर कोकणातलं, त्यामुळे प्रश्न रास्त होता. कौल लावताना माणूस प्रश्न घेऊन जातो. मुलीचं लग्न जमेल का, जमीन घेऊ की नको. मग पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची याकडे जीव लागलेला असतो. इथे तुम्ही काही विचारलेलंच नसतं. चिठ्ठी तीन वर्षांपूर्वी निघालेली, तुमचं नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसांनी काढलेली, आणि त्या दिवशी तेच वचन जगभर लाखो लोक वाचतात. त्यातला कुणी हॉस्पिटलात असेल, कुणाच्या घरी बारसं असेल. तरीही मोह होतोच, हे मान्य केलं पाहिजे. “आज काय निघालंय?” असं म्हणत फोन उघडला की आपण राशिभविष्याच्या गल्लीत शिरलो म्हणून समजावं. आमच्याकडे त्यावर एक उपाय ठरलाय: वचन एकटं वाचायचं नाही. त्याचा अख्खा अध्याय, निदान मागच्यापुढच्या दहा-बारा ओळी वाचायच्याच.

माझ्या मते हा नियम पाळणार नसाल तर या वचनांचा फार उपयोग नाही. हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिश बोनहोफर याने हेच बजावलं होतं. त्याला स्वतःला ही वचनं अतिशय प्रिय. 1939 च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कला सुरक्षित होता, मित्रांनी राहायची सोय करून दिली होती, आणि परत जायचं की नाही या घालमेलीत लिहिलेल्या डायरीत तो त्या-त्या दिवसाच्या वचनाबद्दलही लिहीत होता. जुलैत तो जर्मनीला परतला आणि 1945 च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्याला फाशी दिलं. एखाद्या वचनामुळे परतला असं म्हणणं म्हणजे त्या माणसाची घालमेल फारच स्वस्तात उरकणं होईल. पण त्याच काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका पुस्तकात त्याने लिहून ठेवलंय की अशी सुटी वचनं हा मोठा आशीर्वाद असला, तरी सबंध शास्त्रवाचनाची जागा ती घेऊ शकत नाहीत.

याचं एक उदाहरण देते. यिर्मया 29:11 कुणाच्या घरी नाही? भिंतीवर, कॅलेंडरवर, दहावीच्या शुभेच्छांत, व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चित्राखाली. ‘ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.’ नियमाप्रमाणे अख्खा अध्याय वाचला. ते एक पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमेतून लिहिलेलं. सुरुवातीलाच सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. दहाव्या ओवीत मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बरेचसे परत जाणार नव्हते. सासूबाई चष्मा काढून म्हणाल्या, “अगं, म्हणजे हे नातवंडांसाठी आहे, यांच्यासाठी नाही.” त्या दिवशी चहा निवला. कॅलेंडरवरच्या वचनाने आमच्याकडे कधी चहा निवला नव्हता.

आता विश्वासाबद्दल, कारण कुणी विचारलं तर हेच विचारतात: “देवावर भरवसा ठेवायला याची मदत झाली का?” याच महिन्यांत ह्यांच्या कंपनीत माणसं कमी करण्याची कुजबुज सुरू झाली. घराचे हप्ते, मुलीचा खर्च, सासूबाईंचं औषधपाणी, सगळं त्या एका पगारावर आणि माझ्या अर्धवेळ नोकरीवर. पूर्वीच्या पुस्तकांची सवय अशी की अशा वेळी अनुक्रमणिका काढायची, ‘चिंता’ किंवा ‘आर्थिक अडचण’ असं पान शोधायचं आणि वाचून बरं वाटून घ्यायचं. इथे ती सोय नाही. त्या आठवड्यात आलेली वचनं होती परक्याशी कसं वागावं, देवाची स्तुती का करावी, आणि राजाने न्याय कसा करावा. आमच्या हप्त्यांबद्दल एक अक्षर नाही. मला रागच आला होता.

परक्याबद्दलचं ते वचन लेवीय 19 मधलं. नेहमीप्रमाणे मागचंपुढचं वाचलं. हा अध्याय एकदा सलग वाचाच. शेताचे कोपरे कापू नका, गरिबासाठी सोडा. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. तराजू आणि मापं खरी ठेवा. आणि तेराव्या ओवीत आहे की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळ होईपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही. तेव्हा आमच्या घरी गळक्या भिंतीचं काम चाललं होतं. मिस्त्री आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा, परभणीकडचा. पैसे मिस्त्रीला काम संपल्यावर द्यायचे, मिस्त्री पोराला त्याच्या सवडीने देणार, हा सगळीकडचा रिवाज. वाचून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आपण आपल्या रडगाण्यात, आणि देव बोलतोय तिसऱ्याच्याच पोटाबद्दल.” त्या दिवसापासून ह्यांनी मिस्त्रीशी बोलून पोराची रोजची मजुरी संध्याकाळी त्याच्या हातात द्यायची असं ठरवून घेतलं. मिस्त्री थोडा कुरकुरला. पोरगा पहिल्या दिवशी नोटा घेऊन दोनदा मोजत जिन्यात उभा राहिला आणि मग विचारलं, “उद्या यायचं ना पण?” त्याला वाटलं हिशेब करून घालवतायत.

माझ्यापुरता भरवशाचा अर्थ त्या आठवड्यात बदलला. भरवसा म्हणजे आपल्याला धीर मिळणं असं मी धरून चालले होते. नोकरीची टांगती तलवार डोक्यावर असताना दुसऱ्याची मजुरी संध्याकाळच्या आत देण्याइतके हात मोकळे राहणं, हाही भरवसाच, आणि तो मला धीरापेक्षा जास्त टिकाऊ वाटतो. ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ हे नीतिसूत्रांतलं वचन लहानपणापासून पाठ होतं. पण आपल्या दुःखाला साजेसं वचन आपणच शोधून काढणं हेही आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहणं आहे, हे चिठ्ठीने निघालेली वचनं वाचू लागेपर्यंत माझ्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं. ह्यांची नोकरी आज आहे. मार्चनंतरचं माहीत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. चिठ्ठी जरी डोळे मिटून काढली, तरी भांड्यात काय टाकायचं हे आधी माणसांनीच ठरवलेलं आहे. वंशावळ्या, लढाया, शापांचे परिच्छेद त्यात फारसे येत नाहीत. त्यामुळे ‘अख्खं शास्त्र समोर येतं’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. विलापगीतांतला किंवा ईयोबाचा आक्रोश हवा तितका भेटत नाही, तो आपला आपण वाचावा. दुसरं, एकट्याने वाचलं तर हे फार लवकर कोरडं होतं. मी प्रवासात होते तेव्हा फोनवर वचन वाचायचे आणि स्टेशन यायच्या आत विसरायचे. हे मुळात गावाने एकत्र ऐकायचं होतं, ते घरात निदान दोघांनी तरी करावं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी आम्हांला कुणी सांगितली नव्हती. जर्मन आवृत्तीवरून संदर्भ घेत असाल तर ओव्यांचे आकडे जपून. जर्मन शास्त्रात बऱ्याच स्तोत्रांचा मथळासुद्धा ओवी म्हणून मोजतात, त्यामुळे आकडा पुढे सरकतो. ‘देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे’ हे आपल्याकडे स्तोत्र 46:1, त्यांच्याकडे 46:2. स्तोत्र 51 मधलं शुद्ध हृदयाचं मागणं आपल्याकडे दहावी ओवी, त्यांच्याकडे बारावी. यशया 9:6 त्यांच्याकडे 9:5. मलाखीचा चौथा अध्याय त्यांच्याकडे नाहीच, तो तिसऱ्यातच पुढे चालू राहतो. वचन भलतंच वाटलं तर आधी आकडा तपासा, मग देवाशी भांडा. इंग्रजी आवृत्तीत ही भानगड नाही.

तसंच जर्मनीत ‘वर्षाचं वचन’ म्हणून जे पोस्टरवर दिसतं ते या चिठ्ठ्यांतलं नव्हे. ते वेगळी समिती विचार करून निवडते. 2025 चं होतं 1 थेस्सलनीकाकर 5:21, ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.’ मुलीने दोन्हींची गल्लत करून मला आठवडाभर चुकीचं सांगितलं होतं.

कुणी घ्यावं? ज्यांच्या घरी मराठी पवित्र शास्त्र हाताशी आहे, सोबत वाचायला एखादं माणूस आहे आणि ज्यांना रोज सकाळी बरं वाटलंच पाहिजे असा हट्ट नाही, त्यांनी. नव्याने विश्वासात आलेल्यांनी लगेच यावर जाऊ नये, आधी एखादं शुभवर्तमान सलग वाचावं. आजारी माणसाच्या उशाशी ठेवायला मी अजूनही स्तोत्रसंहिताच देईन.

पुढच्या वर्षाचं छापील पुस्तक मुलगी सुट्टीत येताना आणणार आहे. जर्मनमध्ये मोठ्या टाइपाची आवृत्ती निघते म्हटल्यावर सासूबाईंनी तीच मागवली आहे. जर्मन येत नसलं तरी आकडे तर वाचता येतात, असं त्यांचं म्हणणं.