वर्षभर 'स्पीच कम्युनिकेशन' शिकल्यावर: अमेरिकेतल्या विद्यापीठातला अनुभव

शाळा-कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा केलेल्या मराठी मुलामुलींनी पुढे विद्यापीठात हाच विषय शिकावा का? वर्ष होत आलंय, आणि माझं उत्तर ठामपणे 'हो' असं आहे. फक्त तिथे काय मिळतं, काय मिळत नाही आणि पैशांचं गणित कसं बसतं, हे आधी माहीत असायला हवं. मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका सरकारी विद्यापीठात कम्युनिकेशनमध्ये एमए करतेय. टीचिंग असिस्टंट असल्यामुळे पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचा पब्लिक स्पीकिंगचा एक वर्गही घेते. म्हणजे सकाळी शिकवायचं आणि संध्याकाळी सेमिनारमध्ये शिकायचं.

आधी एक गैरसमज दूर करते. हा अभ्यासक्रम पत्रकारितेचा नाही, आणि वाचा-उपचाराचा म्हणजे स्पीच थेरपीचाही नाही. माणसं एकमेकांशी बोलून काय घडवतात, कशी पटवतात, कुठे अडतात, याचा हा अभ्यास आहे. अमेरिकेत तो इंग्रजी विभागाच्या पोटातून बाहेर पडला. १९१४ साली शिकागोत सतरा प्राध्यापकांनी इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून फुटून सार्वजनिक भाषण शिकवणाऱ्यांची स्वतंत्र संघटना काढली. लिहिलेल्या साहित्यापुढे बोलणं दुय्यम धरलं जातं, ही त्यांची तक्रार होती. तीच संघटना आज नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन म्हणून ओळखली जाते. मधली बरीच वर्षं तिच्या नावात 'स्पीच कम्युनिकेशन' होतं, म्हणून जुन्या प्राध्यापकांच्या तोंडी अजूनही तेच नाव येतं.

आता खरा मुद्दा. पब्लिक स्पीकिंगचा वर्ग आपल्या वक्तृत्व स्पर्धेपेक्षा कुठे वेगळा आहे?

आपण भाषण पाठ करतो. 'सन्माननीय व्यासपीठ, गुणी परीक्षक' इथपासून शेवटच्या चारोळीपर्यंत प्रत्येक शब्द ठरलेला असतो, आवाज कुठे चढवायचा आणि हात कुठे उचलायचा हेही. इथे भाषण करण्याचे चार प्रकार शिकवतात: वाचून, पाठ करून, आयत्या वेळी आणि चौथा म्हणजे पूर्ण तयारी करून पण शब्द न ठरवता. सगळा भर या चौथ्यावर असतो. आधी पूर्ण वाक्यांत आउटलाइन लिहायची: उद्देश एका वाक्यात, मध्यवर्ती विचार एका वाक्यात, मुद्दे, उपमुद्दे, एका मुद्द्यावरून दुसऱ्याकडे नेणारं वाक्य. ती शिक्षकाकडून तपासून घ्यायची. मग ती बाजूला ठेवायची आणि एक-दोन कार्डांवर मोजके शब्द लिहून बोलायचं. प्रत्येक वेळी वाक्य वेगळं येणार, मुद्दा मात्र तोच राहणार. समोरच्याच्या चेहऱ्यावर 'कळलं नाही' असं दिसलं तर थांबून पुन्हा सांगता येतं. पाठ केलेल्या भाषणात ही सोय नसते.

याचं काम कसं चालतं हे दाखवायला माझ्या वर्गातलं एक भाषण सांगते. शेतकरी घरातला एक मुलगा होता. मन वळवणाऱ्या भाषणासाठी त्याने विषय घेतला धान्याच्या बिनमधले अपघात. इकडे मका-सोयाबीन साठवायला पत्र्याच्या उंच गोल कोठ्या असतात. खालून ऑगर म्हणजे धान्य खेचणारा स्क्रू चालू असताना वर कुणी उभा असेल, तर पायाखालचं धान्य सरकतं आणि माणूस काही सेकंदांत आत ओढला जातो. कमरेपर्यंत रुतलेल्या माणसाला नुसत्या हातांनी ओढून काढता येत नाही. त्याच्याभोवती पत्र्याचं कडं रोवून आतलं धान्य उपसावं लागतं.

त्याची पहिली आउटलाइन माहितीने गच्च भरलेली होती. शेवट होता: 'म्हणून बिनमध्ये उतरण्याआधी ऑगर बंद करा.' ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे मुलांनी शिक्षकाला भेटायच्या ठरलेल्या वेळेत, आम्ही बसलो तेव्हा मी त्याला वर्गाची यादी दाखवली. नर्सिंग, बिझनेस, इंजिनिअरिंगची मुलं, बहुतेक शहरातली. यातलं कोण बिनमध्ये उतरणार आहे? तो बराच वेळ यादीकडे पाहत बसला. मग आम्ही मनरोंच्या पाच पायऱ्या काढल्या. पर्ड्यू विद्यापीठातल्या ॲलन मनरो यांनी १९३०च्या दशकात मांडलेली ही रचना: लक्ष वेधा, गरज दाखवा, उपाय सांगा, तो उपाय केला तर आणि न केला तर काय होईल याचं चित्र उभं करा, आणि शेवटी श्रोत्याला करता येईल अशी एकच कृती मागा. शेवटच्या पायरीवर त्याची गाडी अडली होती. दुसऱ्या खेपेला तो बोलला तेव्हा शेवट असा होता: 'तुमच्या ओळखीत कुणी शेती करत असेल, तर या सुट्टीत त्यांना एवढंच विचारा, बिनमध्ये उतरताना मोटर बंद करून तिला कुलूप लावता का?' वर्गात कुजबुज सुरू झाली. दोघी-तिघींनी तिथल्या तिथे आपल्या मामा-काकांची नावं घेतली. माहिती तीच, मुलगा तोच. यावेळी भाषण समोर बसलेल्यांसाठी होतं.

स्पर्धेत आपला श्रोता म्हणजे परीक्षक, आणि परीक्षक मार्क देतो, तो घरी जाऊन काही करत नाही. त्यामुळे श्रोत्याने नेमकं काय करायचं हा प्रश्न तिथे मनात येतच नाही. या एका प्रश्नासाठी मी हा अभ्यासक्रम कुणालाही सुचवेन.

आणखी एक शिस्त फार उपयोगी पडली: आधार तोंडाने सांगणं. आकडा किंवा दावा केला की तो कुणाचा, केव्हाचा, आणि त्या माणसावर का विश्वास ठेवावा, हे भाषणातच म्हणायचं. स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं धरत नाहीत. वरच्या मुलाने पर्ड्यू विद्यापीठाचा आधार दिला, आणि हे विद्यापीठ अशा अपघातांच्या नोंदी कित्येक वर्षं ठेवत आलंय हेही तोंडाने सांगितलं. सुरुवातीला हे बोलताना अडखळायला होतं. सवय झाल्यावर मात्र ऐकताना कान तयार होतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्याख्यानांत 'संशोधनाने सिद्ध झालंय' असं कुणी म्हणालं की आता पहिला प्रश्न उठतो, कुणाच्या?

सभाधीटपणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे मला सगळ्यात जास्त नवीन कळलं. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी आमच्याकडे पीआरसीए-२४ नावाची प्रश्नावली भरून घेतात. जेम्स मॅक्रॉस्की यांनी तयार केलेली. २४ विधानं, प्रत्येकावर १ ते ५ पैकी एक आकडा. बेरीज २४ ते १२० मध्ये येते, ८० च्या वर गेली तर बोलण्याची धास्ती जास्त आणि ५१ च्या खाली असली तर कमी. पण खरी गंमत बेरजेत नाही. या विधानांचे चार गट आहेत: गटचर्चा, बैठक, दोघांमधलं बोलणं आणि व्यासपीठावरचं भाषण. माझा व्यासपीठाचा आकडा अगदी कमी आला आणि बैठकीचा चांगलाच जास्त. स्टेजवर मला कुणी मध्येच तोडत नाही. सेमिनारमध्ये मात्र बोलण्याची पाळी कुणी देत नाही, ती घ्यावी लागते. सातवीपासून माइकसमोर उभं राहिलेल्या मुलीला हे कधी शिकवलंच गेलं नव्हतं. माझ्यासारख्याच स्पर्धांमधून आलेल्या दोन भारतीय मित्रांचंही उत्तर याच वळणाचं निघालं. धास्ती एक नसते, जागेगणिक वेगळी असते, हे कळल्यावर सराव कशाचा करायचा ते नेमकं ठरवता येतं. मी सेमिनारला जाताना एक प्रश्न लिहून नेते आणि पहिल्या काही मिनिटांतच विचारून टाकते.

संध्याकाळचे सेमिनार म्हणजे या अभ्यासक्रमाची जड बाजू, आणि मला सगळ्यात आवडणारी. ॲरिस्टॉटलपासून सुरुवात होते. वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्याची भावना, युक्तिवादाची बांधणी. तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांचं युक्तिवाद तपासण्याचं १९५८ मधलं प्रारूप येतं, ज्यात दावा, त्याचा आधार आणि त्या दोघांना जोडणारं न बोललेलं गृहीतक वेगळं काढून तपासायचं असतं. मला सगळ्यात कामाचा वाटला तो वक्तृत्वाचे अमेरिकन अभ्यासक लॉइड बिट्झर यांचा १९६८ मधला निबंध. त्यांचं म्हणणं असं की भाषण प्रसंगातून जन्मतं. काहीतरी बिघडलेलं असतं, ते दुरुस्त करू शकणारी माणसं म्हणजे खरा श्रोता, आणि वक्त्याला काही मर्यादांत राहून त्यांच्यापर्यंत पोहोचायचं असतं.

सत्राच्या मोठ्या निबंधासाठी मी लोकमान्य टिळकांचं १९०८ मधलं ज्यूरीपुढचं भाषण घेतलं. मुंबई उच्च न्यायालय, न्यायमूर्ती दावर, राजद्रोहाचा खटला, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडत काही दिवसांत मिळून एकवीस तासांहून जास्त चाललेलं भाषण. ज्यूरीत नऊ जण: सात युरोपीय, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन लागला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. बिट्झर यांच्या चौकटीत बसवायला गेलं की लगेच अडचण येते. निकाल बदलू शकणारे नऊच जण होते, म्हणजे श्रोता तेवढाच. मग हे भाषण फसलं म्हणायचं? बाहेर मात्र शिक्षेच्या एकेका वर्षाला एकेक दिवस म्हणत मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. कायद्याच्या इंग्रजीत चाललेलं ते बोलणं कोर्टात बसलेल्यांसाठी होतं की कोर्टाबाहेरच्यांसाठी, की दोघांसाठी, यावर माझा निबंध उभा राहिला. त्याच आठवड्यात एक वर्गमैत्रीण लिंकन यांच्या गेटिसबर्गच्या भाषणावर बोलली. ते जेमतेम पावणेतीनशे शब्दांचं. दोन्ही शेजारी ठेवून झालेली चर्चा माझ्या लेखी या वर्षातली सगळ्यात चांगली चर्चा.

पण टिळक मी नेले म्हणून वर्गात आले. वाचनाच्या यादीत ते नव्हते, आणि अमेरिका-युरोपाबाहेरचं फारच थोडं होतं. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला पुण्यात आजही भरते. इतकी वर्षं लोक परीक्षेची सक्ती नसताना व्याख्यान ऐकायला येऊन बसतात, हा या विषयाच्या दृष्टीने केवढा मोठा ऐवज आहे! इथे तो कुणाला ठाऊक नाही, आणि आपणही त्यावर या पद्धतीने पुरेसं लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या कुणीतरी हे काम घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

बाकी तक्रारी थोडक्यात. पब्लिक स्पीकिंगच्या भाषणाला गुण देण्याच्या तक्त्यात इतके रकाने असतात की मुलं रकाने भरण्यासाठी बोलायला लागतात. 'आज मी तुम्हाला तीन गोष्टी सांगणार आहे' हे वाक्य एका दिवसात वीस तोंडांतून ऐकावं लागतं. भाषणांचे व्हिडिओ चढवायची प्रणाली नेमकी मुदतीच्या रात्री बंद पडते. भाषणांच्या आठवड्यात तपासणी इतकी साचते की स्वतःचं वाचन मागे पडतं. आणि सत्राच्या शेवटी मुलं शिक्षकाचं निनावी मूल्यमापन करतात, त्यात परदेशी शिक्षकांच्या उच्चारांवर शेरे येतात. मलाही आले. ते बोचतात. बोलण्याचा विषय शिकवणाऱ्या विभागाने तरी यावर सत्राच्या पहिल्याच दिवशी मुलांशी उघड बोलायला हवं, असं मी लेखी कळवलंय.

आता पैसे आणि व्हिसा. असिस्टंटशिप, म्हणजे माझ्यासारखं शिकवण्याचं काम, मिळाली तर ट्यूशन सहसा माफ होतं आणि दरमहा मानधन मिळतं. काही इतर फिया मात्र बहुधा भराव्या लागतात, असिस्टंटशिपचं पत्र येतं तेव्हा ते नीट वाचा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही, त्यामुळे वरकमाईचा हिशेब मनात धरू नका. असिस्टंटशिप नसेल तर कर्ज काढून हा एमए करावा असं मी म्हणणार नाही. कारण सर्वसाधारण कम्युनिकेशन स्टडीज ही पदवी स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या गटात, धरली जात नाही. शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, बारा महिने मिळतात, इंजिनिअरिंगवाल्यांना मिळणारी पुढची चोवीस महिन्यांची वाढ नाही. पुढे जाणाऱ्या वाटा म्हणजे पीएचडी, कंपन्यांमधलं प्रशिक्षण, जनसंपर्क, प्रचारमोहिमा, अध्यापन.

वक्तृत्वाची पारितोषिकं अर्जात जरूर लिहा, पण निवड समिती त्यांच्यापेक्षा लेखनाचा नमुना बारकाईने वाचते. एखाद्या मराठी भाषणाचं विश्लेषण करून तोच नमुना पाठवा, वेगळेपणा तिथेच दिसतो. असिस्टंटशिपसाठीच्या मुदती बऱ्याच ठिकाणी डिसेंबर ते फेब्रुवारीत असतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत नमुना लिहून तयार ठेवा. शिकवायचं असेल तर इंग्रजी बोलण्याची वेगळी चाचणीही बहुतेक विद्यापीठं घेतात. तिच्या तयारीसाठी एखादी संकल्पना फळ्यावर पाच मिनिटांत समजावून सांगण्याचा सराव करा, आणि समोर त्या विषयातलं काहीच न कळणारा माणूस बसवा. मी माझ्या आजीला बसवलं होतं.