गावठाणातल्या चौकातली विहीर उपसून घेताना: गाळकाम चोख, गिलाव्याला मात्र नाही म्हणा

नळ येण्याआधी इथल्या, नवी मुंबईतल्या गावठाणांत चौक म्हणजे विहीर आणि तिच्याभोवतीचा ओटा. १९७० मध्ये नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको आलं, भोवती नोड म्हणजे नियोजित वसाहती उभ्या राहिल्या. पुढे मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन घराघरांत पोचलं आणि विहिरीत निर्माल्य, नारळ, पिशव्या पडू लागल्या. घणसोलीकडच्या एका गावठाणात अशी विहीर उपसून देणाऱ्या टोळीच्या कामाचा हा अभिप्राय.

गाळकामाला पाचपैकी चार. मड पंप लावून पाणी टप्प्याटप्प्याने उतरवलं, हे बरोबर. एकदम तळ गाठला तर बाहेरच्या ओल्या मातीचा दाब चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी बांधणीवर येतो आणि कडं आत ढासळतं. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच काढावं. दर ब्रासवर (शंभर घनफुटांवर) ठरवा आणि मोजमाप विहिरीत घ्या, आधी नि नंतर वजन बांधलेला दोर सोडून. ट्रॅक्टरमधल्या गाळात पाणीही मोजलं जातं. दहा फूट व्यासाला दर फूट गाळ म्हणजे साधारण ७८ घनफूट. चार फुटांचे तीन ब्रासपेक्षा थोडे जास्त.

सुरक्षेला दोन. माणूस उतरण्याआधी कंदील सोडला, बस्स. कंदिलाने प्राणवायू कमी आहे एवढंच कळतं, कुजलेल्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड कळत नाही. मिथेन साठला असेल तर त्याच ज्योतीने भडका उडेल. कुजक्या अंड्यांचा वासही नाक थोड्या वेळात घेईनासं होतं. गॅस मीटर, माणूस सोडायची-ओढायची तीन पायांची तिपाई, कमरपट्टा आणि वर दोर धरून दोघं असल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. डिझेल पंप तर विहिरीत कधीच उतरवायचा नाही.

खरा वाद गिलाव्याचा. ‘आतून सिमेंट मारून देतो, चकाचक दिसेल,’ असं ही मंडळी सांगतात. खालच्या दगडांच्या सांध्यांतून झरे येतात, ते बुजले की विहीर नुसती टाकी होते. शिवाय काठाच्या दगडावर दोराने पडलेल्या बोटभर खोल खाचा सिमेंटखाली जातात. बायका कुठल्या बाजूला उभ्या राहून पोहरा ओढत, याचा एवढाच पुरावा चौकात उरलेला असतो. सिमेंट लागतं ते बाहेर: मीटरभर रुंद ओटा, बाहेरच्या बाजूला उतार आणि सांडपाण्याला गटार.

शेवटचं क्लोरिनेशन अंदाजपंचे झालं. दहा फूट व्यास, चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २९ हजार लिटर. उपशानंतर एकदा ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर साडेचार किलो, २४ तास, मग वास जाईपर्यंत उपसा. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ७०-७५ ग्रॅम पुरे. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडा. खालचा चुना टाकला तर पाणी जड होतं. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत उरलेलं क्लोरिन लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसायला हवं.

एवढं करूनही पाणी पिऊ नका. गावठाणात १५ मीटरच्या आत कुणाची तरी सेप्टिक टाकी असतेच. झाडं, धुणीभांडी, गाड्या यांना उत्तम. खाडी जवळ असेल तर पाण्यातले क्षार दाखवणारं टीडीएस मीटर ठेवा आणि उपसताना आकडा चढू लागला की पंप थांबवा. वरून जाळी कुलपाची घ्या, पण दोघांना उचलता येईल अशी. वेल्डिंग करून कायमची बसवली तर पुढचा गाळ काढायला आधी गॅस कटर आणावा लागतो.