मुसोलिनी पडला, फ्रँको टिकला

इटलीत मुसोलिनीला सत्ता जवळजवळ आयती मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये काळ्या सदऱ्यांतले त्याचे फॅसिस्ट रोमकडे निघाले, राजा कचरला आणि त्याने मुसोलिनीलाच पंतप्रधान केलं. मुसोलिनी स्वतः मात्र मिलानहून रेल्वेत झोपून आला! जनरल फ्रँकोने १९३९ मध्ये स्पेन घेतला तो तीन वर्षांच्या यादवीनंतर, हिटलर-मुसोलिनीच्या मदतीने.

दोघांच्या वाटा खऱ्या वेगळ्या झाल्या त्या १९४० मध्ये. फ्रान्स कोसळताना पाहून लुटीतल्या वाट्यासाठी मुसोलिनी तयारी नसताना युद्धात उतरला. फ्रँकोने हिटलरपुढे अवाच्या सवा मागण्या ठेवल्या आणि बाहेरच राहिला. त्याचे भक्त ही दूरदृष्टी मानतात. मला वाटतं, हिटलरने किंमत मोजली असती तर तोही उतरला असता.

शिवाय मुसोलिनीच्या डोक्यावर राजा होता. जुलै १९४३ मध्ये मुसोलिनीच्याच फॅसिस्ट पक्षाच्या महापरिषदेतल्या १९ जणांनी त्याच्या विरोधात मत दिलं आणि त्याच दिवशी राजाने त्याला काढून अटक करवली. एप्रिल १९४५ मध्ये फॅसिस्टविरोधी बंडखोरांनी त्याला गोळ्या घातल्या. प्रेत मिलानच्या चौकात उलटं टांगलं गेलं.

फ्रँकोला हटवणारं कुणी उरलंच नव्हतं. १९५३ मध्ये अमेरिकेला लष्करी तळ देऊन त्याने शीतयुद्धात मान्यताही मिळवली. १९७५ मध्ये तो इस्पितळात वारला. भव्य स्मारकातली त्याची कबर हलवायला २०१९ उजाडलं.