मुलग्यांनाही पाठवा, पण त्यांचा वेळ वाढवून मागा

सांगलीत मी शाळेचे गणवेश शिवते. सातवी-आठवीतली पोरं कशी वाढतात ते टेप हातात घेऊन बघते. पँट आधी आखूड होते, शर्ट खांद्यात नंतर अडतो, म्हणून पँटला खाली चार बोटं दुमड ठेवायचीच. असं का होतं ते ‘वयात येताना’ या कार्यशाळेत समजलं. या वयात आधी पावलं-तळहात वाढतात, मग हातपाय, आणि धड सगळ्यात शेवटी.

कार्यशाळा वाचनालयाच्या हॉलमध्ये होती. एक मूल, एक पालक मिळून तीनशे रुपये. माझा मुलगा आणि बहिणीची मुलगी, दोघांनाही नेलं. सुरुवातीला सगळे एकत्र. बालरोगतज्ज्ञ बाई आडपडदा न ठेवता बोलल्या. मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीकडून निरोप सुटतो, मग मुलींत इस्ट्रोजेन आणि मुलग्यांत टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं. मुलींत 8 ते 13 आणि मुलग्यांत 9 ते 14 या वयात कधीही सुरुवात होऊ शकते. त्याच्या आधीच बदल दिसले, किंवा हे वय उलटूनही काहीच नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. शेजारच्या पोरीशी तुलना करत बसायचं नाही.

मग मुली आणि आम्ही बायका एका खोलीत. हा भाग फार छान झाला. बाईंनी पॅड उलगडून टेबलावर ठेवला आणि लाल पाणी मोठ्या चमच्यानं त्यावर ओतलं. एक, दोन, तिसरा अर्धा. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिली रक्त जातं, ते हे एवढं. भाची माझ्या कानात म्हणाली, “मावशी, एवढंच? मला वाटलं बादलीभर!” पहिली एक-दोन वर्षं तारखा मागंपुढं होतात, पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा, हेही सांगितलं. पॅड कागदात गुंडाळून कसा टाकायचा ते प्रत्येकीकडून करून घेतलं.

मुलग्यांच्या खोलीत काय झालं ते लेकाकडून कळलं. एक दादा आले होते. निम्मा वेळ मोबाईल आणि वाईट संगत यांवर गेला. आवाज फुटणं, झोपेत वीर्य जाणं, हे घाईघाईत उरकलं. पैसे मात्र सगळ्यांचे सारखेच घेतले होते.

शेवटी पुन्हा सगळे एकत्र, आणि बिननावाच्या चिठ्ठ्या. एक चिठ्ठी होती: ‘माझ्या छातीत एका बाजूला गाठ आलीय, दुखते. मी मुलगी होणार का?’ कुणीतरी खिदळलं. बाई शांतपणे म्हणाल्या, हार्मोन्सच्या चढउतारामुळं जवळपास निम्म्या मुलग्यांना असं होतं, वर्ष-दोन वर्षांत बहुतेक आपोआप जातं, फार वाढली किंवा गेलीच नाही तर दाखवा. खिदळणं थांबलं. माझ्याकडे मापाला आलेली काही मुलं आईची पाठ वळली की हळूच सांगतात, “काकू, छातीत जरा ढगळ ठेवा.” आपण फॅशन म्हणून ढगळ शिवून देतो.

चिडचिड, रडू, दार लावून बसणं, यावरही बोलणं झालं. झोप आणणारं मेलाटोनिन हे हार्मोन या वयात रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळं सकाळी सातच्या शाळेला पोरं उठता उठत नाहीत. एका आजोबांनी “आमच्या वेळी पहाटे पाचला...” सुरू केलं, तर बाईंनी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि पुढची चिठ्ठी उघडली.

निम्म्या चिठ्ठ्या मात्र डब्यातच राहिल्या, कारण हॉल भजनी मंडळाला द्यायचा होता. पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीत आहे. नाव देतानाच सांगा की मुलग्यांनाही डॉक्टरच हवेत आणि पूर्ण वेळ हवा. मी सांगून आलेय, आणखी चार जणांनी सांगितलं तर ऐकतील. कार्यशाळेला माझे गुण पाचपैकी साडेतीन.