क्लाउडवरील सर्व्हिस डेस्क : वेर्ण्यातील कारखान्यात वापरानंतरचा अनुभव

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याने गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर स्वतःच्या सर्व्हरवरची जुनी तक्रार-नोंद बंद करून क्लाउडवरील, कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड असलेली सर्व्हिस डेस्क प्रणाली घेतली. वीज गेली की पूर्वी सर्व्हरसोबत तक्रार नोंदवण्याची सोयही जात असे. आता कामगार मोबाइलवरून तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकतात, आणि एकाच बिघाडाची वीस तिकिटे आली तरी प्रणाली ती एका मुख्य घटनेखाली जोडते. ही सोय खरोखर मोलाची आहे.

वर्गीकरणाबाबत मात्र मत संमिश्र आहे. इंग्रजी तिकीट बहुधा योग्य गटाकडे जाते. ‘प्रिंटर चलना’ किंवा ‘लॉगिन जायना’ अशी रोमन लिपीतली कोंकणी आली की प्रणाली चाचपडते आणि तिकीट ‘इतर’मध्ये टाकते. गोव्यात विकायची तर एवढे तरी यायला हवे.

सुचवलेल्या उत्तरांचा दर्जा सर्वस्वी आपल्या जुन्या नोंदींवर ठरतो. तिकीट बंद करताना ‘काम झाले’ एवढेच लिहिण्याची आमच्याकडे जुनी रीत होती, त्यामुळे सुरुवातीला ‘मशीन पुन्हा सुरू करा’ यापलीकडे सल्ला मिळेना. प्रिंट सर्व्हर हलवल्यावरही जुना पत्ता ती आठवडाभर ठामपणे सांगत राहिली, कारण जुना माहिती-लेख कोणी काढलाच नव्हता. आता प्रत्येक लेखाला एक जबाबदार माणूस नेमला आहे, आणि उत्तरे सुधारली आहेत. तोच बिघाड वारंवार का होतो, याचा शोध, म्हणजे आयटीआयएल या आयटी सेवा व्यवस्थापनाच्या प्रचलित पद्धतीच्या भाषेत प्रॉब्लेम मॅनेजमेंट, अजूनही माणसालाच घ्यावा लागतो. तिथे प्रणालीची मदत फक्त सारखी तिकिटे पुढ्यात ठेवण्यापुरती आहे.

संगणक मालमत्तेची नोंदही बदलली. स्टिकर लावून वर्षातून एकदा मोजणी करणे क्लाउडवरील आभासी यंत्रांना लागू पडत नाही. सकाळी उभे केलेले यंत्र संध्याकाळी नसतेही, म्हणून चालू यंत्रे प्रणालीने आपोआप शोधून नोंदवणे अपरिहार्य आहे.

घेणाऱ्यांनी कराराआधी लॉग, म्हणजे प्रणालीतील हालचालींच्या नोंदी, किती काळ टिकतात ते जरूर विचारावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. घटनाक्रमाचा गोषवारा प्रणाली मिनिटांत काढून देते, तो सहीआधी ओळीगणिक तपासावा लागतो हा भाग वेगळा. आमच्या योजनेत लॉग मात्र १८० दिवसांआधीच पुसले जातात, म्हणून आम्ही दर महिन्याला ते वेगळे उतरवून ठेवतो. नूतनीकरणाच्या वेळी याच मुद्द्यावर दराची घासाघीस करणार आहोत.